घोळका की थवा? तोंडं एका दिशेला दिसली एवढ्यावर ठरवू नका

सर्वात आधी, माशांच्या गटासाठीच्या 'स्कूल' या इंग्रजी शब्दाचं भाषांतर 'माशांची शाळा' असं करणं थांबवा. माशांसाठी वापरला जाणारा हा शब्द जुन्या डच भाषेतून आला, अर्थ 'टोळी'. शाळेशी त्याचा संबंध नाही. माशांच्या गटासाठी इंग्रजीत 'शोल' असाही एक शब्द आहे. इथे 'शोल'ला घोळका म्हणू आणि 'स्कूल'ला थवा.

घोळका ओळखीचाच आहे: मासे सोबतीसाठी जवळजवळ राहतात, पण ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्या कामाकडे. तेच मासे शेजाऱ्याशी दिशा, वेग आणि वळण जुळवून पोहू लागले की थवा. म्हणजे प्रत्येक थवा हा घोळकाही असतो, प्रत्येक घोळका थवा नसतो. संख्येने काही ठरत नाही. जातीनेही ठरत नाही, त्यामुळे 'थव्याने राहणारा मासा' हे लेबल मला पटत नाही. काळ्या उभ्या पट्ट्यांचे सर्जनफिश प्रवाळावरून थव्याने जातात, शेवाळ खायला उतरले की त्यांचाच घोळका होतो. मग आपल्या शेवाळाची राखण करणारा डॅम्सेलफिश एकाला हाकलेपर्यंत बाकीचे खाऊन घेतात.

खरी फसगत प्रवाहात होते. प्रवाळाच्या कडेला हिरवे क्रोमिस किंवा नारिंगी अँथियस शेकड्यांनी तरंगत असतात, सगळ्यांची तोंडं एकीकडे. फोटोखाली हमखास 'थवा' लिहिलेलं असतं. पण हे मासे प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपत असतात. त्यांची दिशा पाण्याने ठरवलेली असते. थव्यात ती शेजारी ठरवतो. शेजाऱ्याची हालचाल डोळ्यांनी कळते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेनेही, कारण तिला पाण्यातली बारीकशी ढवळही जाणवते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सेथ या थंड समुद्रातल्या माशांचे डोळे झाकले, तरी ते डोळस माशांच्या थव्यात पोहत राहिले.

प्रवाह आहे की शेजारी, याचा निकाल एका फोटोवरून लागत नाही, व्हिडिओच हवा. लगतचे दहा मासे निवडा. त्यातला एखादा मासा कण टिपायला झेपावला की बाजूचे काय करतात ते बघा. क्रोमिसमध्ये तो एकटाच जातो आणि परततो, शेजारी आपापल्या जागी. प्रवासाला निघालेल्या फ्युझिलियर माशांमध्ये एकाने घेतलेलं वळण लाटेसारखं सगळ्यांमधून सरकतं. माशांमधलं अंतरही तपासा: थव्यात ते बरंचसं सारखं असतं, घोळक्यात कुठे दाटी, कुठे मोकळं. शक्य असेल तर प्रवाह मंदावेपर्यंत थांबा. क्रोमिसची तोंडं तेव्हा दहा दिशांना वळलेली दिसतील. त्यांना रांग धरायची गरजच कमी, कारण शिकारी आला तर खालच्या फांद्यांच्या प्रवाळात घुसता येतं. उघड्या पाण्यातल्या फ्युझिलियरला तो आसरा नाही.

उलटी चूक गोल फिरणाऱ्या बॅराकुडा माशांच्या रिंगणाबाबत होते. तोंडं सगळीकडे आहेत म्हणून त्याला घोळका म्हणतात. चूक. प्रत्येक बॅराकुडा आपल्या शेजाऱ्याला समांतर पोहत असतो, म्हणून तो थवाच. आणि त्यात 'नेता' शोधू नका: थवा बाजूला वळला की मघाचे पुढचे मासे कडेचे होतात.

शेवटची अडचण बघणाऱ्यामुळेच येते. पाणबुड्या थेट अंगावर गेला की निवांत घोळका घाबरून दाटतो, रांग धरतो आणि कॅमेऱ्यात थवा येतो. दुरूनच थांबा, पाय हलवू नका, माशांमधलं अंतर पुन्हा सैल होऊ द्या आणि मगच नोंद करा. त्याआधीचं चित्रण 'विचलित' म्हणून वेगळं ठेवा.