क्षयाच्या जंतूची संथ चाल आणि पाषाणची प्रयोगशाळा

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. त्याआधी पाचच वर्षं, २४ मार्च १८८२ला, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. कारण कळलं होतं, पण पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं.

एवढा उशीर का झाला, याच्या उत्तराचा मोठा भाग खुद्द जंतूतच आहे. आतड्यात राहणारा ई. कोलाय जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो; क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. जंतू वाढवण्यासाठी अंडी घालून केलेल्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर त्याच्या वसाहती डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. त्यात मायकोलिक आम्लाचं मेणचट आवरण. रंग दिल्यावर तो आम्लानेही धुतला जात नाही, म्हणून थुंकीच्या तपासणीत जंतू ओळखू येतो. पण हेच आवरण अनेक औषधांनाही अडवतं. शिवाय जिवंत जंतू हाताळायचा तर अतिसुरक्षित प्रयोगशाळा हवी.

म्हणून मायकोबॅक्टेरियाचे, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळाचे, अभ्यासक त्याच्या भाऊबंदांकडे वळले. तीनेक तासांत दुप्पट होणारा, सहसा निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा एक. बाहेरचे जनुक सहज स्वीकारणारा त्याचा वाण १९९०मध्ये तयार झाला आणि कामाला वेग आला. दुसरा म्हणजे बीसीजी. काल्मेट आणि गेरँ यांनी गाईंच्या क्षयाचा जंतू १९०८पासून तेरा वर्षं पुन्हा पुन्हा, २३० वेळा वाढवून त्याची रोग करण्याची ताकद घालवली. ही लस आपल्याकडे बाळाला जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टोचतात, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. तमिळनाडूतल्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत तिने मोठ्यांचा फुप्फुसाचा क्षय रोखला नाही. तेवढ्यावरून तिला निकामी ठरवणं मात्र चूक आहे. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा क्षय होऊ नये यासाठी ती आजही मोलाची आहे.

औषधांचा पेच मला याहून महत्त्वाचा वाटतो. आयसोनियाझिड १९५२मध्ये आलं, पुढे रिफॅम्पिसिन. मद्रासच्या अभ्यासाने १९५९मध्ये दाखवून दिलं की रुग्ण घरी राहून औषधं घेऊनही सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णाइतकाच बरा होतो. त्यामुळे गरिबांना उपचार परवडण्याजोगे झाले. पण कोर्स महिनोन् महिन्यांचाच राहिला. खोकला थांबतो, वजन वाढतं, रुग्णाला बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात. रुग्णाला बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सहा महिने त्याच्या माथी मारतो तो जंतू. बहुतेक औषधं वाढत्या जंतूंवर चालतात, आणि काही जंतू वाढणं थांबवून नुसते टिकून राहतात.

हे टिकून राहणं प्रयोगशाळेत उभं करण्याची रीत वेन आणि हेस यांनी १९९६मध्ये मांडली. बंद नळीत जंतू हळूहळू ऑक्सिजन संपवतात, मग वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. याच अवस्थेत नायट्रेटचं नायट्राइट करणारं विकर (एन्झाइम) जोरात काम करू लागतं. पुण्यात पाषाणला असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी नेमका हाच धागा पकडला. आधी स्मेग्मॅटिसमध्ये या विकराचा अभ्यास केला, मग २००८मध्ये बीसीजी वापरून चाचणीची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. सुप्त जंतूंनी नायट्राइट तयार केलं की ते ओळखणाऱ्या रसायनाने गुलाबी रंग येतो. एखाद्या संयुगाने जंतूंना गप्प केलं तर रंग फिका पडतो. वाढत्या आणि सुप्त, दोन्ही जंतूंवर काय चालतं हे एकाच वेळी पाहता येऊ लागलं. वसाहती उगवण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहणाऱ्याला विचारा, ही केवढी मोठी सोय आहे.

अर्थात, बीसीजीवर चाललेलं संयुग खऱ्या जंतूवर, मग प्राण्यांत, मग माणसात तपासावं लागतंच, आणि त्या वाटेवर बहुतेक संयुगं गळतात. दरम्यान औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी भारताने २०२४मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. आधी अशा क्षयाचे उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबत. साध्या क्षयाच्या रुग्णाला मात्र आपल्याकडे आजही सहाच महिने गोळ्या घ्याव्या लागतात.