माळव्यातले पीक आणि थोडे कामकरी

'माळव्यासाठी सेवक पाठव' ही प्रार्थना इंदूरच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पीक फार आहे खरे, पण कामकरी थोडे आहेत, हे प्रभूचे वचन तिच्या मुळाशी आहे. मात्र माळव्यात पीक कुठे उभे होते आणि कामकरी कुठे राहत होते, हे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) फारसे सांगितले जात नाही.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने इथले काम १८७७ साली सुरू केले. जे. एम. डग्लस इंदूरला आले, जे. फ्रेझर कॅम्पबेल महूला. मारियन फेअरवेदर आणि मार्गारेट रॉजर या दोघी आधीपासून उत्तर हिंदुस्थानात अमेरिकन मिशनबरोबर काम करत होत्या. त्याही इंदूरला आल्या. गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते आणि शहरात उघड उपदेश करायला दरबाराचा विरोध होता. इंग्रज सरकारचा प्रतिनिधी राहायचा त्या रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल असल्यामुळे तिथे पाय रोवता आला. शहरातला वाद मात्र बरीच वर्षे चालला आणि पार व्हाइसरॉयपर्यंत गेला. अशा वेळी शाळा आणि दवाखाना हीच वाट उरते. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली आल्या, पाठोपाठ डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या आणि स्त्रियांसाठी औषधोपचार सुरू झाले. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे. जॉन विल्की यांनी त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. या कामाबद्दल शहर आजही कृतज्ञ आहे. पण कॉलेजात शिकणारे वाढले, तशी मंडळी वाढली नाही.

दार उघडले ते दूर पश्चिमेला, भिलांच्या डोंगरांत. जॉन बुकॅनन आधी उज्जैनला होते. १८९० च्या दशकात ते आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी अलीराजपूर संस्थानातल्या आमखुटला जाऊन राहिले. तिथे ना रस्ता, ना बाजारपेठ. माझ्या मते माळव्याच्या सगळ्या मिशन-इतिहासात हा निर्णय सर्वांत मोलाचा होता. शहरातले स्थिरावलेले काम सोडून, ऐकायला तयार असलेल्या लोकांत जाऊन राहायचे त्यांनी ठरवले. त्याच सुमारास कॅपुचिन या कॅथलिक संघाचे फादर झाबुआकडच्या थांदल्यात पोचले होते. मग १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ आला. गावेच्या गावे उपाशी होती, पोरकी मुले मिशनच्या दारात आली. दुष्काळात धान्य देणाऱ्याचा धर्म घेतला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण दुष्काळ सरल्यावरही जी घरे प्रभूला धरून राहिली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथल्या मंडळ्या चालवतात. धान्याने एवढी वर्षे माणूस टिकत नाही.

'जिथे स्वागत होते तिथे जास्त माणसे पाठवा' हा विचार जगभर पुढे गेला तो याच मध्य भारतातून. दमोहला १८९७ साली जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन इथेच मिशनरी होते. मेथडिस्ट मिशनरी जे. वास्कॉम पिकेट यांनी १९३३ मध्ये भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मॅकगॅव्हरन त्यांच्याबरोबर मध्य भारतातल्या मंडळ्यांची वाढ तपासू लागले. १४५ मिशन क्षेत्रांपैकी १३४ ठिकाणी दहा वर्षांत मंडळी जेमतेम वाढली होती. उरलेल्या ११ ठिकाणी ती दुप्पट किंवा त्याहून अधिक झाली होती. माणसे आणि पैसा मात्र बहुतेक त्या १३४ ठिकाणीच अडकून पडले होते. इंदूर आणि आमखुट डोळ्यांसमोर आणले की हे चित्र लगेच पटते.

पुढे परदेशी सेवकांची वाटच आक्रसली. १९५० च्या दशकात व्हिसा अवघड झाले. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशन कामावर कडक अहवाल दिला. जबरदस्तीने किंवा लालूच दाखवून केलेल्या धर्मांतरावर बंदी घालणारा राज्याचा १९६८ चा धर्म स्वातंत्र्य कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरवला. २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जबरदस्ती किंवा लालूच यांना सुवार्तेत मुळातच जागा नाही, तेव्हा त्या बंदीला आपण का भ्यावे? पण आपणहून येशूकडे वळणाऱ्या गरीब आदिवासी माणसाला कचेरीच्या दारात उभे राहावे लागते आणि त्याच्या बाजूला उभे राहणारा पाळक कित्येकदा तीस-चाळीस कोसांवर असतो, हे दुःख खरे आहे.

देशी सेवकांची कल्पना तशी जुनी. नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ च्या नाताळाला श्रीरामपुरात स्थापन झाली ती भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार या निश्चयाने. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तोच ध्यास धरला होता. तरी माळव्याच्या डोंगरांत गेली कित्येक दशके जे सेवक आले, त्यांत दक्षिणेकडचे पुष्कळ. केरळच्या सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात आदिवासींबरोबर काम करत असताना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मारल्या गेल्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरातच त्यांना धन्य (कॅथलिक मंडळीत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. हजाराहून अधिक किलोमीटरवरून येऊन त्यांनी जीव दिला.

आम्ही मराठी ख्रिस्ती मात्र शेजारी असून फार थोडे गेलो. सातपुड्याच्या अलीकडे महाराष्ट्रात ज्यांना पावरा म्हणतात आणि पलीकडे मध्य प्रदेशात बारेला, ते एकच आदिवासी लोक. नंदुरबार-धडगावच्या मंडळ्यांतला तरुण बडवानीच्या गावात गेला, तर त्याला बोली परकी वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले ख्रिस्ती ०.२९ टक्के होते, झाबुआ जिल्ह्यात साडेतीन टक्क्यांहून अधिक. तिथे पिढीजात विश्वासणारे आहेत, नवे ऐकणारे आहेत, पण एकेका पाळकाकडे अनेक पाड्यांची जबाबदारी पडते. चार दिवसांच्या सभा घेऊन परतणारे वक्ते तिथे पुष्कळ येतात. तिथल्यांना हवा आहे तो त्यांची बोली बोलणारा, त्यांच्यातच घर करणारा, मुलांना वाचायला शिकवणारा, पोलीस ठाण्यात बरोबर येणारा आणि मयताला खांदा देणारा सेवक. असा एक सेवक कुटुंबासह पाठवायला इंदूर, नाशिक किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) दोन-तीन मंडळ्यांची वर्गणी एकत्र आली तरी पुरे.