'तेच, फक्त सुईशिवाय' म्हणणाऱ्यांसाठी

एरोफॉर्म म्हणजे नेहमीचा एक्स्पांडरच, 'तेच, फक्त सुईशिवाय', असा एक मेसेज फिरतोय; हे त्यावर. कॅन्सरमुळे वगैरे स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवण्यासाठी छातीच्या कातडीखाली किंवा स्नायूखाली एक्स्पांडर, म्हणजे कातडी हळूहळू ताणणारी फुग्यासारखी पिशवी, ठेवतात, दर आठवड्या-पंधरवड्याला सुईने त्यात सलाईन भरतात आणि पुरेशी जागा झाली की तो काढून इम्प्लांट (कायमचा कृत्रिम स्तन) किंवा पोटावरची कातडी-चरबी बसवतात. हा झाला नेहमीचा प्रकार.

दुसरा प्रकार म्हणजे एरोफॉर्म. यात कार्बन डायऑक्साइडची छोटी टाकी एक्स्पांडरच्या पोटातच असायची. बाईने घरी बसून रिमोटचं बटण दाबलं की 10 मिलिलीटर वायू सुटायचा. दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही किमान तीन तासांच्या अंतराने. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने) 2016 मध्ये त्याला परवानगी दिली. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात, आणि मग ते वाक्य येतं: 'तेच, फक्त सुईशिवाय.'

अहो, ज्या सुईने सलाईन आत जातं त्याच सुईने ते बाहेरही काढता येतं! कातडी पांढरी पडली, ताण सोसवेना, तर सर्जन 50 मिलिलीटर काढून घेतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा भरतात. एका बाजूला रेडिएशन द्यायचंय आणि दुसऱ्या बाजूचा फुगलेला एक्स्पांडर किरणांच्या आड येतोय, तर तो तेवढ्यापुरता रिकामा करतात. एरोफॉर्ममधला वायू असा काढून घ्यायची सोयच नव्हती. म्हणून तर डोस इतका चिमूटभर आणि बटणावर इतकी बंधनं. ती रिमोटची ऐट नव्हती.

शिवाय वायू तो वायूच. घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं ना, तसा विमानात हाही प्रसरण पावायचा, म्हणून प्रवासाबद्दल वेगळी ताकीद असे. सलाईनला उंचीचं काही सोयरसुतक नाही.

वेग मात्र एरोफॉर्मचाच जास्त, ते मान्य. रोज थोडं थोडं भरल्याने काम आठवड्यांनी लवकर उरकायचं, दवाखान्याच्या खेपाही वाचायच्या. घर लांब असलेल्या बाईला ही गोष्ट लहान नाही. तरीही मला विचाराल तर परतीची वाट असलेलाच बरा.

आणि 'नवं तंत्रज्ञान आलंय' म्हणून तो मेसेज आजही पुढे ढकलणाऱ्यांनो, एरोफॉर्मची कंपनी 2019 मध्येच बंद पडली. नवं हवंच असेल तर सलाईनवाल्यांतच बघा. नेहमीच्या एक्स्पांडरचा पोर्ट (सुई टोचायची जागा) शोधायला आत चुंबक असतं, त्यामुळे एमआरआय सहसा टाळतात. 2023 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या मोटिव्हा फ्लोरा या एक्स्पांडरमध्ये चुंबक नाही, ठरावीक अटींवर एमआरआय करता येतो. सुई मात्र आहेच.