चिराली

तुर्कस्तानच्या अंताल्या प्रांतातील भूमध्य समुद्राकाठचे एक लहान खेडे. अंताल्या शहराच्या दक्षिणेस रस्त्याने सुमारे 80 किमी.वर ते वसलेले असून प्रशासकीयदृष्ट्या केमेर जिल्ह्यातील उलुपिनार या वस्तीत मोडते. केमेर व तेकिरोवा या मोठमोठ्या हॉटेलांनी गजबजलेल्या पर्यटनस्थळांपासून ते फार लांब नाही. तरीही लिंबू-संत्र्यांच्या बागा, त्यांत विखुरलेली ठेंगणी निवासगृहे आणि तीन किमी.हून थोडा अधिक लांबीचा वाळू-गोट्यांचा किनारा हे त्याचे रूप बऱ्याच अंशी टिकून आहे. तुर्की भाषेत ‘चिरा’ म्हणजे पाइनचे राळयुक्त, चटकन पेट घेणारे लाकूड. गावाचे नाव त्यावरूनच आले असावे.

गावामागील डोंगरउतारावर यानार्ताश (‘जळता दगड’) हे स्थान आहे. तेथे खडकांच्या फटींतून निघणारा वायू अखंड जळत असतो. ग्रीक पुराणकथेतील कीमेरा हा प्राणी, म्हणजे पुढून सिंह, मध्ये शेळी व मागे सर्प असलेला, ज्वाळा ओकणारा आणि बेलेरोफॉन या वीराने मारलेला, या ज्वाळांवरूनच कल्पिला गेला, असे मत रूढ आहे. मात्र प्राचीन लेखकांत एकवाक्यता नाही. रोमन लेखक प्लिनीने (इ. स. पहिले शतक) फासेलिस या प्राचीन नगराजवळचा कीमेरा पर्वत रात्रंदिवस जळतो असे सांगून, ही आग पाण्याने भडकते व मातीने विझते, हे क्टीसियस या ग्रीक लेखकाचे विधान नोंदविले आहे. फासेलिसचे अवशेष तेकिरोवाजवळ असल्याने हे वर्णन यानार्ताशला जुळते. याउलट ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो कीमेराची कथा लिशियाच्या (या किनाऱ्याच्या प्राचीन प्रदेशाच्या) पश्चिम भागातील क्रागस पर्वताच्या परिसरात ठेवतो व तेथील एका घळीला तेच नाव देतो. स्किलॅक्स या ग्रीक दर्यावर्दीच्या नावावर असलेल्या, सर्वसाधारणपणे इ. स. पू. चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या किनारावर्णनात कीमेराचा उल्लेख नाही; तेथे हिफेस्टस या अग्निदेवतेचे मंदिर आणि जमिनीतून आपोआप निघणारी, कधीही न विझणारी आग एवढेच येते. जवळच्याच ऑलिंपस नगराचा बिशप मेथोडियस (मृत्यू सुमारे इ. स. 311) याने आगीलगत वाढूनही हिरव्या राहिलेल्या झुडपाचे वर्णन केले आहे. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्टने 1811 मध्ये या किनाऱ्याची पाहणी करताना ही ज्योत पाहिली व तिचा संबंध प्लिनीच्या कीमेराशी जोडला. पुराव्याचे वजन पाहता हिफेस्टसचे स्थान येथे होते हे मान्य करता येते आणि प्लिनीचा पर्वतही बहुधा हाच असावा; पण होमरच्या काव्यातील मूळ कथा याच डोंगरावर उगम पावली, असे म्हणण्याइतका आधार त्यातून मिळत नाही. मंदिराचे व नंतरच्या बायझंटिन चर्चचे अवशेष ज्वाळांच्या पायथ्याशी दिसतात.

येथील वायूत मिथेन सुमारे 87 टक्के व हायड्रोजन 7 ते 11 टक्के असतो. मिथेनचा बराच भाग सजीवांच्या अवशेषांपासून न बनता अजैविक क्रियेने बनला आहे, हे या स्थानाचे वैशिष्ट्य होय. सागरतळाच्या कवचाचे, मॅग्नेशियमयुक्त खडक पाण्याशी संयोग पावून सर्पेंटाइन खनिज तयार होताना हायड्रोजन मुक्त होतो व कार्बन डायऑक्साइडशी त्याची विक्रिया होऊन मिथेन निर्माण होतो. एरवी या विक्रियेस उच्च तापमान लागते. येथे ती 100° से.हून कमी तापमानात होत असावी आणि खडकातील रुथेनियम हा धातू उत्प्रेरकाचे काम करीत असावा, असे प्रतिपादन करण्यात आले आहे. ज्योत झाकून विझविली, तरी वायू वाहतच राहतो व लगतच्या ज्योतीने पुन्हा पेटतो.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला ऑलिंपस या प्राचीन नगराचे अवशेष झाडीत दडलेले आहेत. लिशियन संघात, म्हणजे लिशियातील नगरांच्या संघात, तीन मतांचा अधिकार असलेल्या सहा नगरांत त्याची गणना होई. येथे तळ ठोकलेल्या झेनिकेटीस या चाच्याचा पाडाव रोमन सेनानी सर्व्हिलियसने इ. स. पू. 77 च्या सुमारास केला. नदीमुखाजवळील युडेमस या नौकाधिपतीच्या शवपेटीवर जहाज कोरलेले असून, सोबतच्या शोकलेखात ते अखेरच्या बंदरात नांगरल्याचे म्हटले आहे. मध्ययुगानंतरच्या वस्तीविषयी माहिती त्रोटक आहे.

हा परिसर 1972 मध्ये स्थापन झालेल्या बेदाला‍री किनारा राष्ट्रीय उद्यानाशी निगडित आहे. लॉगरहेड समुद्री कासवे मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत रात्री येथे अंडी घालतात. पिल्ले सुमारे दोन महिन्यांनी बाहेर येऊन उजेडाच्या दिशेने सरकतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. दिवे लागले तर पिल्ले जमिनीकडे वळून मरतात. त्यामुळे घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवतात व रात्री किनाऱ्यावर प्रकाश आणि वर्दळ यांवर निर्बंध असतात. गावाची शांतता राखण्यात या निर्बंधांचा वाटा मोठा आहे आणि येणाऱ्याने ते मनापासून पाळणे अगत्याचे आहे.

महामार्गावरून सुमारे 7 किमी. उतरणीच्या वळणदार रस्त्याने गावात पोहोचता येते. यानार्ताशला जाण्यासाठी पायथ्यापासून सुमारे एक किमी. दगडी पायऱ्यांची चढण आहे. दिवसा ज्वाळा फिकट दिसत असल्याने लोक बहुधा संध्याकाळी चढतात. उतरताना विजेरी जवळ असावी लागते. 1999 मध्ये खुला झालेला ‘लिशियन मार्ग’ हा पायी भ्रमंतीचा मार्गही चिरालीवरून जातो.