गायकवाड, दादासाहेब

गायकवाड, भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब : (१५ ऑक्टोबर १९०२ – २९ डिसेंबर १९७१). मुंबई प्रांतिक विधानसभेचे आणि पुढे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाशिक जिल्ह्यातील प्रमुख सहकारी, रिपब्लिकन पक्षाचे नेते. ‘कर्मवीर’ या उपाधीने परिचित. वडिलांचे नाव काही नोंदींत कृष्णराव असे येते. जन्म नाशिक जिल्ह्यातील आंबे (ता. दिंडोरी) येथे एका महार कुटुंबात.

अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे ते सार्वजनिक जीवनात पुढे आले. सत्याग्रहाची सुरुवात २ मार्च १९३० रोजी झाली, याबद्दल मतभेद नाही. शेवट मात्र निरनिराळा सांगितला जातो. आंबेडकरांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाऐवजी राजकीय हक्क आणि शिक्षण यांवर शक्ती लावण्याचा सल्ला दिला. काही अभ्यासक तेथेच सत्याग्रह संपला असे धरतात, तर काही १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवले परिषदेपर्यंत (जेथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली) तो चालू होता असे मानतात. स्थानिक पातळीवरची धग १९३४ नंतरही टिकून होती, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आंबेडकर एरवी मुंबईत असल्याने सत्याग्रह समितीचा रोजचा कारभार, वर्गणी, स्वयंसेवकांच्या तुकड्या आणि तुरुंगात गेलेल्यांच्या घरची व्यवस्था यांचा मोठा भार गायकवाडांवर होता. पुढील निवडणुकांत कामी आलेले गावोगावचे कार्यकर्ते याच काळात जोडले गेले.

१९३७ ची निवडणूक : आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि त्याच्या वतीने गायकवाड नाशिक जिल्ह्यातून अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर निवडून आले. या विजयाचा अर्थ लावताना त्या वेळची मतदानपद्धती लक्षात घ्यावी लागते. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. पुणे करारामुळे (२४ सप्टेंबर १९३२) स्वतंत्र मतदारसंघ मिळाला नव्हता. त्याऐवजी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची निवड करायची आणि त्यांतून एकाची अंतिम निवड सर्व हिंदू मतदारांनी मिळून करायची, अशी द्विस्तरीय रचना होती. म्हणजे आपल्याच लोकांचा सर्वाधिक पाठिंबा असलेला उमेदवारही दुसऱ्या टप्प्यात सवर्ण मतांमुळे पराभूत होऊ शकत होता.

मुंबई प्रांतात या धोक्यावर काही अंशी उतारा होता. राखीव जागा बहुसदस्यीय मतदारसंघांत होत्या आणि तेथे मते एकवटून देण्याची मुभा होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने थोड्या पण शिस्तीने मतदान करणाऱ्या समाजाला ही पद्धत उपकारक ठरे. सवर्ण मतदार आपली मते दोन-तीन उमेदवारांत वाटत असताना महार मतदार ती एकाच्याच पदरात टाकत. मते एकवटण्याची मुभा नसलेल्या प्रांतांत हा मार्ग उपलब्ध नव्हता, त्यामुळे मुंबईतील यशाची तुलना इतर प्रांतांशी सरळ करता येत नाही.

मतदार कोण, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मताधिकार मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांवर अवलंबून होता. अस्पृश्यांसाठी अटी शिथिल होत्या. साक्षरता पुरेशी धरली जाई. शिवाय गावकीचे कनिष्ठ वतनी काम प्रत्यक्ष करणाऱ्यालाही मत होते. ज्या महारकीतून (महारांच्या वतनी गावकामातून) समाजाला सोडवण्याची भाषा गायकवाड व त्यांचे सहकारी करीत होते, तीच महारकी अनेकांना मतदारयादीत घेऊन आली, हा योगायोग चरित्रपर लेखनात क्वचितच नोंदला जातो.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या एकूण यशाचे आकडे जुळत नाहीत. सतरा उमेदवारांपैकी कोठे चौदा, कोठे पंधरा विजयी झाल्याचे म्हटले आहे. पाठिंब्यावर निवडून आलेल्या अपक्षांना पक्षाचे धरायचे की नाही यावरून हा फरक पडला असावा. चौदाचा आकडा, म्हणजे अकरा राखीव व तीन सर्वसाधारण जागा, अधिक विश्वसनीय दिसतो.

विधानसभेतील कारकीर्द : कागदोपत्री ती १९३७ ते १९४६ अशी असली, तरी नोव्हेंबर १९३९ मध्ये बा. गं. खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर प्रांतात गव्हर्नरची राजवट आली आणि प्रत्यक्ष कामकाज दोन-अडीच वर्षांपुरतेच झाले. या काळात पक्षाने खोती (कोकणातील जमीनदारी पद्धत) नष्ट करण्याचे विधेयक मांडले (१९३७), औद्योगिक कलह विधेयकाला विरोध केला आणि महार वतनाचा प्रश्न लावून धरला. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. १९४६ च्या निवडणुकीत, आता शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या नावाने उभ्या असलेल्या पक्षाला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. मते एकवटूनही काँग्रेसच्या लाटेपुढे निभाव लागला नाही.

संसद : १९५७ मध्ये गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. उमेदवारी फेडरेशनची, पाठबळ संयुक्त महाराष्ट्र समितीचे. जागा राखीव नसून सर्वसाधारण होती, ही बाब विशेष मानली पाहिजे. याच निवडणुकीत फेडरेशनचे बा. चं. कांबळे कोपरगावातून विजयी झाले, तेही सर्वसाधारण जागेवरच. समितीच्या लाटेचा वाटा यात मोठा होता. तरीही काळाराम मंदिराच्या शहराने सत्याग्रहाच्या नेत्याला सर्वांच्या मतांनी निवडून देणे ही सत्तावीस वर्षांपूर्वी न सुचणारी गोष्ट होती. १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसचे गो. ह. देशपांडे यांच्याकडे गेली. गायकवाड त्याच वर्षी राज्यसभेवर निवडून आले व १९६८ पर्यंत सदस्य राहिले.

पक्षफूट : ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे फेडरेशन विसर्जित होऊन रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. वर्ष-दोन वर्षांतच तो दुभंगला. बा. चं. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणवू लागला, तेव्हा गायकवाडांचा आपोआप ‘नादुरुस्त’ ठरला. धोतरवाले विरुद्ध पँटवाले, म्हणजे ग्रामीण जुने कार्यकर्ते विरुद्ध शहरी वकील-पदवीधर, असे या फुटीचे स्पष्टीकरण फार प्रचलित आहे. ते अपुरे आहे. भूमिहीनांच्या लढ्यात कम्युनिस्टांसोबत किती जावे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीत राहावे की नाही, हे खरे वादाचे मुद्दे होते. कांबळे गटाला घटनात्मक मार्गाबाहेरची आंदोलने मान्य नव्हती, तर गायकवाडांचा अनुयायी मुख्यतः जमीन नसलेला शेतमजूर होता.

पडीक व सरकारी जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून १९५९ मध्ये नाशिक, अहमदनगर व खानदेश भागांत सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशव्यापी झाला. मागण्यांमध्ये जमिनीबरोबरच किमान वेतन, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आंबेडकरांचे चित्र यांचा समावेश होता. अटक झालेल्यांची संख्या तीन लाखांवर असल्याचे पक्षाचे म्हणणे. आंदोलनकर्त्यांनी दिलेला हा आकडा सावधपणे वापरावा. लालबहादूर शास्त्री सरकारने काही मागण्यांबाबत आश्वासन दिल्यावर १९६५ च्या प्रारंभी आंदोलन मागे घेण्यात आले.

१९६७ च्या सुमारास गायकवाडांनी काँग्रेसशी समझोता केला. स्थानिक संस्थांत काही जागा मिळाल्या, पण विरोधी पक्ष म्हणून असलेली धार बोथट झाली, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती निराधार म्हणता येत नाही. १९६८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी नवी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची राज्य शासनाची योजना २००४ पासून त्यांच्या नावाने चालते.