पसरणी घाट: चढताना गिअर, उतरताना ब्रेक

पुण्याहून सायकलने महाबळेश्वरला जायचं तर अंतर साधारण १२० किलोमीटर. कात्रज आणि खंबाटकी वाटेत दमवतातच, पण सगळ्यात लांब चढ वाई सोडल्यावर सुरू होतो. पसरणी घाटातून पाचगणीपर्यंत सुमारे १२ किलोमीटरमध्ये जवळजवळ ६०० मीटर वर जावं लागतं, म्हणजे सरासरी ५ टक्के चढ.

७० किलोचा सायकलस्वार, १० किलोची सायकल आणि पाणी, खाणं, हत्यारं मिळून ५ किलो असं ८५ किलो वजन धरू. ते ६०० मीटर उचलायला सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा लागते. जोरात चढा नाहीतर रमतगमत, या आकड्यात काही सूट मिळत नाही. आपल्या हातात असतं ते फक्त ती किती वेळात खर्च करायची एवढंच.

इथे गिअर कामाला येतो. पुढे पॅडलपाशी ३४ दात्यांची चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे ३२ दात्यांचं चक्र असेल, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा वर, आणि पायांतून साधारण १२५ वॅट शक्ती. तीच शक्ती, तोच वेग, पण गिअर ३९-२५ (पुढे ३९, मागे २५ दाते) असेल तर फेऱ्या ५०च्याही खाली येतात. प्रत्येक फेरीत पॅडलवरचा दाब जवळजवळ दीडपट होतो. गुडघे दुखतात ते यामुळे. जुनी सायकल असेल तर मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवण्यासाठी केलेला खर्च हलकी चाकं घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतो हे मात्र आधी बघा, आणि कॅसेट बदलली की चेनची लांबीही तपासा. चेन आखूड राहिली तर पुढची मोठी चेनरिंग आणि मागचं मोठं चक्र या जोडीवर डिरेलर ताणून मोडतो.

वजनाचा बाऊ करू नका. एक किलो कमी केल्याने पसरणीच्या सव्वा तासात एखादं मिनिट वाचतं. त्यासाठी दोन ट्यूब, पंप आणि चेन-लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) घरी ठेवणं परवडत नाही.

चढावर घाम का फुटतो, याचंही उत्तर आकड्यांत आहे. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी चौथा हिस्साच, किंवा त्याहून थोडा कमी, पॅडलपर्यंत पोहोचवतं. १२५ वॅट कामाबरोबर सुमारे ४०० वॅट उष्णता तयार होते. सपाटीवर ताशी २५च्या वेगाने मिळणारा वारा ती वाहून नेतो. घाटात ९च्या वेगाला वारा जाणवतही नाही. एवढी उष्णता घामाने घालवायची तर तासाला किमान ६०० मिलिलिटर पाणी वाफ व्हायला हवं, आणि गळून पडणारा घाम त्यात धरलेला नाही. म्हणून वाईत दोन्ही बाटल्या भरून घ्या, एकीत ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची सुरुवात असू शकते. खाणं तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण दोन केळी. वाईत पोटभर मिसळ खाऊन लगेच घाटाला लागू नका. स्नायू आणि त्वचा दोघांनाही रक्त हवं असतं, पचनाच्या वाट्याला थोडंच उरतं.

परतीच्या उतारावर तेच ५०० किलोज्यूल कुठेतरी जायला हवेत. काही हवेच्या विरोधात जातात, उरलेले ब्रेकमध्ये. ५ टक्के उतारावर ब्रेक न लावता सायकल ताशी ४५च्या आसपास स्थिरावते. वळणांमुळे तसं सोडता येत नाही, म्हणून बरेचजण सतत ब्रेक धरून २५वर उतरतात. हाच वेग ब्रेकला सर्वांत वाईट! २५ला ब्रेकमध्ये सुमारे १७५ वॅट उष्णता जाते. १५ला आणि ३५लाही ती १३५च्या आसपास असते. हळू उतरलात तर दर सेकंदाला कमी ऊर्जा येते, वेगात उतरलात तर हवाच बरंच काम करते.

म्हणून ब्रेक तुकड्यांत लावा. सरळ रस्त्यावर, पुढचं दिसत असेल तेवढंच, सायकल सोडा; वळणाआधी दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद घट्ट दाबा, वेग वळणाच्या आधीच उतरवा आणि वळणात सोडून द्या. मधल्या मोकळ्या वेळात रिम (चाकाची कड, जिच्यावर रिम ब्रेकचे पॅड घासतात) थंड होते. सतत तापलेल्या रिमने ट्यूब जुन्या पंक्चरच्या पॅचपाशी किंवा व्हॉल्वपाशी दगा देते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये (द्रवाच्या दाबाने चाकावरची चकती पकडणाऱ्या) द्रव उकळला तर लिव्हर मऊ लागतो आणि दाबत दाबत हँडलला टेकतो. तसं वाटताच मागच्या गाड्यांचा अंदाज घेत रस्त्याच्या कडेला थांबा, दहा मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

पावसाळ्यात रिम ब्रेक लावल्यावर चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या फक्त पाणी पुसण्यात जातात, तेव्हा वळणाच्या बऱ्याच आधी पॅड हलकेच टेकवून ठेवा. निघण्यापूर्वी पॅडच्या खाचा शिल्लक आहेत का बघा, आणि रबरात रुतलेले अॅल्युमिनियमचे चकचकीत कण टोकदार पिनने काढून टाका. तेच रिम खरवडतात.