पॅटर्न पाठवा, कास्टिंग नको

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीला पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, देतात. ओतकाम तिथंच होतं. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेज पाठवण्याची 'सोर्स-ओन्ली अपलोड' ही पद्धत अशीच. बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्रॅम) घरून न्यायची नाही, फक्त सोर्स (मूळ कोड) द्यायचा, बांधणी डेबियनची मशीन्स करतात. आपल्या लॅपटॉपवर कधीतरी बसवून विसरलेली लायब्ररी मग त्यात शिरत नाही. 2019 मध्ये नियमच झाला: देखभाल करणाऱ्याने स्वतः बांधलेली बायनरी असेल तर पॅकेज टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत, जात नाही. गोम अशी, की अगदी नवं पॅकेज पहिल्यांदा बायनरीसकटच द्यावं लागतं. ते स्वीकारलं गेलं की आवृत्ती वाढवून सोर्स परत पाठवायचा. पुष्कळ जण इथं विसरतात आणि पॅकेज त्याआधीच्या अनस्टेबल शाखेतच अडकून बसतं.

कामाचा क्रम सोपा: 'डीसीएच -आर'ने चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदवहीतली) 'अनरिलीज्ड' ही खूण घालवा, 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' मोठ्या 'एस' पर्यायाने चालवा, 'डेबसाइन'ने सही करा, 'डीपुट'ने पाठवा. सहीनंतर डीएससी फाइलला, म्हणजे सोर्सचं वर्णन असलेल्या फाइलला, हात लावू नका. चेंजेस फाइलमध्ये, म्हणजे अपलोडच्या यादीत, तिची लांबी आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदलेला असतो, एक अक्षर बदललं तरी जुळत नाही.

खरी ठेच लागते ती फोल्डरमध्ये. घरी चाचणीसाठी बांधलेल्या बायनरीची '_एएमडी64.चेंजेस' आणि पाठवायची '_सोर्स.चेंजेस' शेजारीशेजारी असतात. टॅब दाबला की पहिली पुढे येते, आणि डीपुट दिलेली फाइल निमूट पाठवतं. ही सावधगिरी माणसावर सोपवण्यात अर्थ नाही, ती साधनातच हवी. फाइलमधल्या 'आर्किटेक्चर' ओळीत 'सोर्स'खेरीज काही दिसलं, की थांबून विचारायचं, एवढंच. डीपुट-एनजी या डीपुटच्या नव्या रूपाला अशी तपासणी हुक म्हणून, म्हणजे आपोआप चालणारी पायरी म्हणून, जोडता येते.

दुसरी तपासणी मूळ टारबॉलची, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लेखकांच्या सोर्सच्या गठ्ठ्याची. समजा 1.4-1 (मूळ आवृत्ती 1.4, डेबियनची पहिली फेरी) तयार केलं पण पाठवलंच नाही, आणि आता 1.4-2 पाठवताय. चेंजलॉगमध्ये आधीची नोंद 1.4 चीच, म्हणून तो आधीच पोचला असं धरून साधन टारबॉल गाळतं, आणि अपलोड नाकारलं जातं. बांधताना '-एसए' दिलं की तो यादीत येतो.

राहिली इंटरनेटची लाइन. खानापूरकडे पावसात ती मधेच जाते, तेव्हा डेबियनच्या अपलोडच्या रांगेत अर्धवट फाइल पडून राहते. अनामिक एफटीपीवर (खात्याशिवाय फाइल पाठवण्याच्या सोयीवर) ती पुन्हा लिहिता येत नाही, नुसतं डीपुट परत चालवून उपयोग नाही. आधी 'डीकट'ने ती काढायची, मग नव्याने पाठवायची.